सरजाबाईचा न पोचलेला निरोप

मी, व्यंकटराव कोंडीबा सोनकांबळे, वय ७४, निवृत्त इंग्रजी शिक्षक, राहणार रेणापूर, जिल्हा लातूर, माझ्या मागे काय व्हावे ते आज लिहून ठेवतो. डोके शाबूत आहे, एका कानाने कमी ऐकू येते. कोणी बळजबरी केलेली नाही. घरात बळजबरी करायला कोणी नाहीच.

१. राहते घर मुलगा आनंदराज यास. मात्र त्याची मुलगी मेत्ता इथे येऊन चार दिवस राहेपर्यंत ते विकू नये.

२. बँकेतील ठेव किनवटच्या मुलींच्या वसतिगृहास, इंग्रजीच्या शिकवणीसाठी. माझी पत्नी सरजाबाई तिथे स्वयंपाक करायची. माझी पहिली नोकरीही किनवटचीच. "तुमच्या लोकांच्या जिभेला इंग्रजी वळत नाही," असे तिथले हेडमास्तर सर्वांदेखत म्हणाले होते. ते आता हयात नाहीत. मी त्यांना क्षमा केलेली नाही, अशी नोंद असावी.

३. शब्दकोश व पुस्तके गावच्या वाचनालयास. इंग्रजीवर माझा राग नाही. वडिलांच्या जमिनीचा कागद उर्दूत होता, माझी नेमणूक मराठीत आली, मुलाची इंग्रजीत. तो नेदरलँडला इंजिनिअर आहे, सून लान व्हिएतनामची. इंग्रजी दोघांचीही नाही, म्हणून दोघांना चालली. साहेबाची म्हणून आलेली भाषा आता अशा घरांची झाली. मेत्ता तिच्यातच वाढली. आनंदराज लहान असताना जेवताना इंग्रजीच बोलायचे, हा नियम माझा. सरजाबाई मुकाट वाढायची.

४. हे कलम मालमत्तेचे नाही. वकील काढा म्हणाले, मी ठेवले आहे. दोन वर्षांपूर्वी सरजाबाई नांदेडला दवाखान्यात होती. आनंदराज कामावर होता, व्हिडिओ कॉलवर एकटी मेत्ता होती. तिला बघून सरजाबाई म्हणाली, "तिला म्हनावं, एकदा ये. तुझ्या डोक्याला तेल घालायचं हाय मला. मी आता लई दिवसाची न्हाई."

मी मेत्ताला इंग्रजीत सांगितले, आजी म्हणते नीट अभ्यास कर.

तिने विचारले, "आजी घाबरली आहे का? मी येऊ?"

मी म्हणालो, नको, ती बरी आहे.

"काय म्हनली?" सरजाबाईने विचारले.

"परीक्षा झाली की येते म्हणाली."

"बरं. शिकू द्या."

पोरीची परीक्षा बुडू नये, एवढेच तेव्हा डोक्यात होते. सहाव्या दिवशी सरजाबाई गेली. आनंदराज एकटाच आला, आठवड्याने परतला. आजीने आपल्याला बोलावले नाही, असे मेत्ता आजही समजते. दोघींमध्ये बोलणारा मी एकटा होतो, आणि दोघींशी खोटे बोललो.

५. या मृत्युपत्राची इंग्रजी प्रत मेत्ताला द्यावी. ती मीच केली आहे. चौतीस वर्षे इंग्रजी शिकवली, पण ‘डोक्याला तेल घालायचं’ हे इंग्रजीत लिहिले की यंत्राला वंगण दिल्यासारखे वाटते. म्हणून सरजाबाईचे ते वाक्य मराठीतच ठेवले आहे. मेत्ता आली, तर शेजारच्या अंबिकाने तिला ओट्यावर बसवून तिच्या डोक्याला तेल घालावे. अंबिकाला विचारले आहे.

"घालते की सर. पन तिच्यासंगं बोलू काय?"

म्हणालो, "सरजाबाईचं नाव घे. तेवढं तिला कळतं."

वाचून, समजून, स्वतःच्या हाताने सही केली.

व्यंकटराव कोंडीबा सोनकांबळे

आमच्यासमक्ष सही झाली:
मन्मथ शंकरप्पा बिराजदार
बसवंत नरसिंग केंद्रे

रेणापूर, ९ नोव्हेंबर २०२५