चोरखिसा शाबूत आहे

मु. पो. माले, ता. मुळशी
७ सप्टेंबर २००८

प्रिय शैलेश,

तुझी राखाडी पँट मिळाली. तुझ्या प्रागच्या ऑफिसातला दिग्विजय स्वतः पौडला माझ्या दुकानावर आला आणि पिशवी माझ्याच हातात देऊन गेला. आईसाठी पाठवलेली चॉकलेटं प्रवासात वितळली होती. तिने ती वाटीत काढून चमच्याने खाल्ली आणि "खरवसापरीस बरं हाय," म्हणाली. पँटेबरोबरच्या चिठ्ठीत तू 'कंबर दीड इंच कमी कर' एवढंच लिहिलं आहेस. दीड इंच म्हणजे थोडं नाही. तू तिथे जेवतोस का, हे आईने विचारायला सांगितलं आहे. मला आणखी एक विचारायचं आहे, पण ते ओळीने आलं पाहिजे, नाहीतर माझं नेहमीसारखं मध्येच अडेल.

तू प्रागला निघालास तेव्हा तुझ्या पँटेला मी आतून चोरखिसा शिवला. ते कळल्यावर हिंजवडीचे बरेच लोक परदेशी जाण्याआधी माझ्याकडे येऊ लागले. मी कुठे गेलो नाही, पण परत आलेल्या प्रत्येकाला विचारतो की तिकडे चोर कसे असतात. ऐकलेलं एका वहीत लिहून ठेवतो. कासार आंबोलीच्या बंगल्यातले बंडोपंत पॅरिसला गेले होते. तिथे एका बाईने त्यांच्या पायापाशी वाकून पितळी अंगठी उचलली आणि "ही तुमचीच ना?" असं विचारलं. ते नको नको म्हणत असताना तिने ती त्यांच्या हातात कोंबली आणि मग बक्षीस मागत पाव मैल मागे आली. नांदे गावात राहणाऱ्या हेमलता मॅडमच्या कोटावर कोणीतरी मागून पांढरी चटणी सांडली. दुसऱ्या एका भल्या माणसाने ती रुमालाने पुसून दिली. कोट स्वच्छ झाला आणि पर्स गेली. मला या युक्त्यांचं फार नवल वाटतं. त्यातही शिवणकाम आहे. एक टाका वर दिसतो आणि खरा टाका खालून जातो.

शब्दाचंही नवल वाटतं. खिसा आपला, शिवणारा मी, चोराला त्याचा पत्ताही नसतो, तरी त्याला चोरखिसा म्हणायचं. मी कोशात पाहिलं. चोरवाट, चोरदरवाजा, चोरपावलं, सगळीकडे चोर म्हणजे लपलेला. म्हणजे चोरी न करता लपलेल्यालाही आपण चोरच म्हणतो.

आता मुद्द्याचं. तू जुलैत फोन करून आबांना सांगितलंस की ट्राममध्ये कोणीतरी ब्लेडने खिसा कापला, पासपोर्ट आणि पैसे गेले, पण दूतावासाने नवा पासपोर्ट दिला, काळजी करू नका. आबांनी फोन ठेवला आणि ते माझ्याकडे वळले. "आरं, खिसा शिवला व्हता का पिशवी? चोराच्या हाताला आपसूक लागला व्हय? दोरा व्हता का शेवया?" तेव्हापासून रोज काही ना काही चालू आहे. चावडीवर कोणी विचारलं की म्हणतात, "थोरल्यानं खिसा शिवला आन् धाकट्याचा पासपोर्ट गेला." ऐकणारे हसतात. गेल्या महिन्यात चोरखिशासाठी एकच गिऱ्हाईक आलं आणि तेही कापड चाचपून परत गेलं. मला वाटलं, असेल बाबा, माझीच शिवण कच्ची असेल. रात्री अंथरुणावर पडून टाके आठवत बसायचो, की कुठे चुकलं.

आणि मग ही पँट आली. कंबर उसवण्याआधी मी ती उलटी केली. शैलेश, खिसा शाबूत आहे. ब्लेडने कापलेल्या कापडाची कड सरळ असते आणि रफू कितीही चांगलं केलं तरी बोटाला लागतं. इथे कापलेलं नाही, रफूही नाही. आतला दोरा तपकिरीच आहे. राखाडी संपला होता म्हणून मी तो वापरला होता, म्हणजे हा खिसा माझाच, कोणी नवा लावलेला नाही. हिसका मारून उघडला असता तर काज ताणलं असतं. दोन्ही काजं जशीच्या तशी आहेत. तो खिसा उघडायला आधी वरचं बटण काढून, पट्टी आत ढकलून, मगच खालचं काढावं लागतं. हे मला माहीत आहे आणि तुला माहीत आहे. तिसऱ्या कोणाला नाही. दुसरी एखादी पँट घातली होतीस म्हणावं, तर तसा खिसा मी एकाच पँटेला शिवला आहे.

दिग्विजय पुन्हा दुकानात आला तेव्हा मी त्याला तुझं नाव न घेता विचारलं, की माणूस स्वतःच्या हाताने खिसा उघडून देईल अशी एखादी युक्ती प्रागमध्ये आहे का? तो चहा पिता पिता लगेच म्हणाला, "आहे ना. खोटे पोलीस." दोघे साध्या कपड्यांत येतात, पाकिटातलं ओळखपत्र चमकवतात, खोट्या नोटा फिरताहेत म्हणतात आणि पैसे, पासपोर्ट तपासायला मागतात. खरे पोलीस रस्त्यात नोटा तपासत नाहीत म्हणे. अशा वेळी काहीच बाहेर काढायचं नाही, चौकीवर चला म्हणायचं, म्हणजे ते आपोआप पांगतात. शिवाय पासपोर्टची झेरॉक्स जवळ ठेवायची आणि खरा खोलीवर कुलपात. हे सगळं मी वहीत लिहिलं. लिहिता लिहिता मला आबा आठवले.

तुझ्या पासपोर्टच्या चौकशीसाठी आपण तिघे पौडच्या पोलीस ठाण्यात गेलो होतो. आबांनी चपला पायरीखाली काढल्या, टोपी हातात घेतली. साहेबांनी बसा म्हटलं तरी ते उभेच राहिले. बाहेर आल्यावर तुला म्हणाले, "सायबानं कागद मागितला की लगीच द्यायाचा. का म्हून इचारायचं न्हाई." तू हसलास. पण तिथल्या चौकात त्या माणसाने ओळखपत्र दाखवलं असेल तेव्हा तुझा हात आपोआप कमरेकडे गेला असणार. आधी वरचं बटण, मग पट्टी, मग खालचं. मी शिकवलं होतं तसंच. असंच झालं ना? की आणखी काही झालं? मला खरंच जाणून घ्यायचं आहे. ते आपसात बोलत होते का, त्यांचे बूट कसे होते, पासपोर्ट घेतल्यावर त्यांनी तुला काय सांगितलं. आणि पँट पाठवताना खिशाचं तू विसरलास, की मी पाहावं म्हणूनच पाठवलीस, हेही मला कळलेलं नाही.

पाच आठवडे तुझा फोन नाही. दिवाळीलाही येणार नाहीस, वर्षभर मुक्काम वाढवून मागितलास, असं दिग्विजयच्या तोंडून निघून गेलं. आईला मी ते अजून सांगितलेलं नाही. इंजिनिअर झालेला मुलगा स्वतःच्या हाताने पासपोर्ट देऊन बसला, हे आबांसमोर उभं राहून सांगता येणार नाही म्हणून तू येत नाहीस, असं मला वाटतं. तसं असेल तर ऐक. खिसा शाबूत असल्याचं मी कोणालाही दाखवलेलं नाही आणि दाखवणार नाही. आबा विचारतील तेव्हा शिवण कच्ची होती म्हणेन. त्यांना काय आणि कधी सांगायचं ते तू ठरव. गिऱ्हाइकं येतील. लोकांना पँटी लागतातच.

हे मी मोठेपणा म्हणून करत नाही. सहा वर्षांपूर्वी दुबईच्या युनिफॉर्मच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून मी बॅग घेऊन निघालो आणि दुसऱ्याच दिवशी परत आलो. मेडिकलमध्ये कावीळ निघाली, असं मी घरी सांगितलं. कावीळ नव्हती, मेडिकलच झाली नव्हती. मुंबईच्या विमानतळावर माझ्या नावाचं तिकीटच नव्हतं आणि पुण्यातल्या एजंटाच्या खोलीला कुलूप होतं. त्याने दिलेल्या पत्रावर गोल शिक्का होता, 'मुख्य कार्यलय, मुंबई'. तू तेव्हा बारावीत होतास. तू बोट ठेवून म्हणालास, "दादा, इथं काना राहिलाय." ती चूक मी तुझ्याआधी पाहिली होती. कोशही उघडला होता. तरी मला वाटलं, दहावी अर्धवट सोडलेल्याला शिक्क्यापेक्षा जास्त कसं कळेल? मी तुलाच दटावलं. परत आल्यावर आईने एकवीस दिवस मला कडू रस पाजला आणि बिनतेलाची भाजी घातली. तुला सगळं कळलं होतं. तू कधी एक शब्द काढला नाहीस. एकवीस दिवस माझ्या शेजारी बसून तूही तीच बिनतेलाची भाजी खाल्लीस, आणि आईला सांगितलंस की तुला तेल आवडत नाही. त्याचं उत्तर माझ्याकडून राहिलं होतं. ते द्यायला हे पत्र लिहिलं. पँट दिग्विजयबरोबर परत पाठवतो आहे. कंबर एकच इंच कमी केली आहे, अर्धा इंच तुला घरी येऊन भरून काढायचा आहे. चोरखिशात घडी घातलेला एक कागद मिळेल. एजंटाचं तेच पत्र आहे. इतकी वर्षं मशीनच्या खणात होतं. शिक्क्यातला राहिलेला काना मी काल लाल पेनाने दिला. पाहून हसू आलं, तर आईला फोन कर.

तुझाच,
शंभूदादा