वरचे सोमवारी, खालचे पुढच्या सोमवारी

प्रिय अरासेली,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. आपल्याकडे पत्र आलं की आधी देवाचं नाव घ्यायचं आणि मगच फोडायचं, म्हणून पहिल्यांदा हेच सांगून टाकते: सगळे जिवंत आहेत, गाई दूध देताहेत, बटाट्याला या वर्षी कीड नाही. कीड होती ती एलिएसेरच्या दाढेला, आणि हे सगळं तिथूनच सुरू झालं.

नाताळच्या फोनवर आपण दोघी हवापाण्यापलीकडे जात नाही, त्यामुळे माझ्या घरची शिस्त तुला ठाऊक नसेल. लेक योलिमा तिच्या तीन पोरांना घेऊन आमच्याकडेच राहते. सकाळ-संध्याकाळ अंगणातल्या नळापाशी मी तिघांना रांगेत उभं करून दात घासायला लावते आणि मनातल्या मनात आवेमारियाची प्रार्थना सहा वेळा म्हणून होईपर्यंत कुणाला चूळ भरू देत नाही. पोरं मला जमादारीण म्हणतात. म्हणू देत. धाकटी सारिता बाटलीतून गुळाचं पाणी पीत पीत झोपायची, तिचे पुढचे चार दात काळे पडले होते. मला वाटलं, दुधाचे आहेत, पडतील. पण आमच्या दवाखान्यातली दातांची डॉक्टर लिसेत, समुद्राकडची पोरगी आहे, वय जेमतेम तीस, तिनं मला चांगलंच झापलं. "दुधाचे म्हणून सोडून द्यायचे नसतात, आजी. त्यांच्या खालीच पुढचे वाट बघत असतात." बाटली त्याच दिवशी बंद झाली. परवा त्यातला एक दात पडला, तर सारिता नाण्याच्या आशेनं तो उशीखाली ठेवता ठेवता विचारते, "आजी, पेरेस उंदीर किडका दात घेतो का गं?" म्हटलं, घेतो, पण नाक मुरडतो. तेव्हापासून ती सात वेळा आवेमारिया म्हणते.

ऐकायला तयार नव्हता तो घरातला सगळ्यात मोठा पोर, म्हणजे माझा नवरा. फेब्रुवारीत एलिएसेरची डावीकडची दाढ ठणकायला लागली. आधी लवंग झाली. मग दाढेला लावायची म्हणून बडीशेपेची दारू आणली, पण तिचा एक थेंबही दाढेवर थांबलेला कुणी पाहिला नाही. मग शेजारणीनं सांगितलेला तंबाखूचा बोळा. गाल बटाट्यासारखा सुजला, जेवण पेजेवर आलं, तरी याचं पालुपद एकच, "दाढ माझी आहे, तिचं काय करायचं ते मी बघीन." मी दातांच्या कण्या केल्या, पण हा ढिम्म. शेवटी सारिता त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, डॉक्टरकडे मी रडले नव्हते. तुम्ही रडलात तर मी कुणाला सांगणार नाही." त्यावर त्यानं मुकाट्यानं खांद्यावर घोंगडी घेतली आणि निघाला.

दवाखान्यात बाकावर आठ-दहा माणसं बसलेली. आम्ही आत गेलो, दार उघडंच राहिलं. लिसेतनं नुसता आरसा उचलला तर हा ओरडला. ती म्हणाली, "काका, मी अजून हातसुद्धा लावलेला नाही." "लावणार आहेस ना! त्याचंच ओरडतोय." बाहेर सगळे खो खो हसले. तिनं नीट बघून सांगितलं, दाढ वाचेल, आतली कीड साफ करून मूळ भरता येईल, फक्त तीन खेपा घालाव्या लागतील. तीन खेपा म्हटल्यावर याचा धीर सुटला. "त्यापेक्षा सगळेच उपटून टाक, पोरी. काय रडायचं ते एकदाच रडू. हिचं बघ. लग्नाआधीच सगळे काढले आणि चाळीस वर्षं कवळी लावून मजेत आहे. कधी दाढ दुखली नाही की खेप घालावी लागली नाही."

मजेत! अरासेली, तो शब्द माझ्या वर्मी बसला. कवळी आहे हे त्याला ठाऊक होतं, सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण कवळीशिवायचं माझं तोंड चाळीस वर्षांत मी त्याला एकदाही दाखवलं नव्हतं. दिवा मालवला की काढायची, तो जागा व्हायच्या आत लावायची. बाळंतपणातसुद्धा हाच नेम. आणि त्या दिवशी भर दुपारी, दार उघडं असताना, मी वरची काढली, खालची काढली, रुमालावर ठेवली आणि त्याच्यासमोर धरली. बोळक्या तोंडातून शब्द फुसफुसत होते, तरी बोलले. "याला मजा म्हणतोस? लग्न झाल्यापासून मला मक्याचं कणीस दातांनी खाताना पाहिलंस कधी? देवळात गाणं का सोडलं, विचारलंस? खालची कवळी जागेवर राहत नाही म्हणून. धडके दात असलेला माणूस ते उपटून टाका म्हणतो तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो, एलिएसेर. माझ्यादेखत असं पुन्हा बोलायचं नाही." एलिएसेर माझ्याकडे बघत राहिला, मग रुमालाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. नंतर लिसेतकडे वळून त्यानं आ केला, आणि तो इतका मोठा की ती म्हणाली, "एवढा नको, काका. मला आत उतरायचं नाहीये."

घरी येताना अर्ध्या वाटेत तो बोलला. एक गाल बधिर, त्यामुळे बोललेलं अर्धंच कळायचं, पण हे मला स्वच्छ कळलं: "मला वाटायचं, तुला कणसं आवडतच नाहीत." चाळीस वर्षं, अरासेली! मी रस्त्यातच हसत सुटले. तोही हसला, अर्ध्या तोंडानं. आता तो कणीस भाजलं की दाणे सोलून, कुटून मला देतो, पेरूच्या पातळ चकत्या करतो, आणि एवढं जगावेगळं काही करत नसल्यासारखा चेहरा ठेवतो. पण त्या दिवशी वाटेत त्यानं आणखी एक विचारलं होतं. "तू तेव्हा नाही का म्हणाली नाहीस?" मी नेहमीसारखं सांगायला तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच वेगळं बोलले.

बाबांना वाईट मला कधी म्हणवलं नाही. त्यांची आई दाढेच्या गळवानं गेली. दात म्हणजे आज ना उद्या येणारं दुखणं, ते लेकीबरोबर सासरी कशाला पाठवायचं, असं त्यांचं सरळ म्हणणं. गावात कितीतरी पोरींना बापानं कवळीच आंदण दिली. बाजाराच्या दिवशी तो दात उपटणारा इस्माएल यायचा, चामड्याची पेटी आणि चिमटे घेऊन. वरचे सोमवारी, खालचे पुढच्या सोमवारी. मी एकोणीस वर्षांची, तू सतराची. बाबा म्हणाले, "धाकटीचंही बरोबरच उरकून टाकू." पुढचं मी आयुष्यभर असं सांगत आले, की मी खुर्चीत होते, तोंड रक्तानं भरलेलं, आणि धाकटी मला तशीच टाकून बटाट्यांच्या ट्रकवर बसून मावशीकडे पळाली. योलिमाला हेच सांगितलं. पाद्रीबाबांनाही.

ते खोटं आहे. त्या सकाळी बाजारात जाताना तू मला देवळाच्या मागे ओढत नेलंस. "एर्मिंदा, चल, दोघी जाऊ. ट्रक उभा आहे." माझी बाही धरलीस. एकदा नाही, दोनदा. आणि ती मीच सोडवून घेतली. मला कुणीही ढकललं नव्हतं. मला ते दात हवे होते, कॅलेंडरवरच्या बाईसारखे, पांढरे, एका ओळीत. माझा पुढचा एक दात वाकडा होता, त्याची मला लाज वाटायची. त्या एकापायी मी सगळे दिले. मग माझ्या लग्नाला तू आलीस. माझ्या हिरड्या अजून सोललेल्या, नवी कवळी टोचत होती, आणि तू अंगणात पोरींच्या घोळक्यात उभी राहून दात काढत होतीस. माझे काढले होते आणि तू दात काढत होतीस! एवढ्याच गोष्टीचा राग मी धरला. तू फक्त हसलीस गं, तेही माझ्याच लग्नात, माझ्याच आनंदाला. तुझ्या पहिल्या चार पत्रांना मी उत्तर दिलं नाही, तुला मुलगी झाली तेव्हा आले नाही, आणि दोष कायम तुझ्या माथी मारला. हे एलिएसेरला सांगितलं. योलिमालाही सांगितलं. आता तुला सांगते.

आणि आता पत्राचं खरं कारण. एलिएसेरच्या तिसऱ्या खेपेला लिसेतनं त्याला उठवून मलाच खुर्चीत बसवलं. वीस वर्षं मी सगळ्या घरादाराला त्या खुर्चीत बसवते आहे, स्वतः कधी टेकले नव्हते. ती म्हणाली, खालचं हाड झिजलंय पण अजून पुरेसं आहे. त्यात दोन छोटे स्क्रू बसवले की कवळी हलणार नाही. तुन्हाच्या मोठ्या दवाखान्यात नऊ जूनची तारीख मिळाली आहे. तिथल्या कागदावर एक रकाना होता, सोबत कोण येणार. एलिएसेर तयार होता, योलिमाही होती. मी तुझं नाव लिहिलं. नातं, बहीण. तुला न विचारता लिहिलं, त्याबद्दल रागाव हवं तर, तेवढा हक्क तुझा आहे. तुझ्या बुकारामांगाहून सकाळी निघणारी बस दुपारी तुन्हाला पोहोचते. आठ तारखेला मी स्टँडवर असेन. जाड स्वेटर आण, तिथे गारठा असतो. तू आली नाहीस तरी मी दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसणार आहे, माघार घेणार नाही. पण मला भीती वाटते, अरासेली, आणि ती वाटत असताना शेजारी मला दुसरं कुणी नको आहे.

तुझीच,
एर्मिंदा