खाली ठेवलं की शांत

प्रिय विहीणबाई,

पत्र बघून दचकू नका. नातू ठणठणीत आहे. काल त्याने माझा चष्मा ओढून दोन्ही काड्या वाकवल्या. कानांची तपासणी झाली, ऐकू छान येतंय. हट्टीपणात मात्र तो तुमच्या घराण्यावर गेलाय.

त्या दुपारी मुलगा-सून कामावर होती. घरात आपण दोघी आणि पाच महिन्यांचा तो. मी टोपडं घालायचे, तुम्ही काढायचात. तो कुणाच्या कडेवर आधी गप्प होतो, यावर आपली हार-जीत ठरायची. सकाळपासून त्याचं अंग तापलेलं, तळपाय मात्र गार. दूध तोंडात धरायचा नि सोडून द्यायचा. मी निकाल दिला, दात येताहेत. तीस वर्षं मुख्याध्यापिका असलेली बाई निकाल द्यायला वेळ लावत नाही. मग तुम्ही त्याला उचललंत आणि तो असा किंचाळला की मी पिठाच्या हातांनीच स्वयंपाकघरातून धावत आले, त्याला काढून घेतलं. माझ्याकडे त्याहून मोठ्याने! तुम्हीच सवय बिघडवलीत म्हणून मी तो परत तुमच्या हातात दिला. तुम्ही त्याला गादीवर ठेवलंत, तो गप्प झाला. उचललंत, पुन्हा तीच बारीक, चिरकी किंकाळी. मग तुम्ही टाळूवर बोटं ठेवलीत आणि तुमचा चेहराच उतरला.

"विहीणबाई, मूल उचलल्यावर गप्प होतं. हा खाली ठेवल्यावर होतोय. टाळूही फुगलीय. गाडी बोलवा, आत्ता."

मी म्हणाले, पाळणाघर चालवणाऱ्यांना सगळीच मुलं आजारी दिसतात. तुम्ही स्वतःच गाडी बोलावलीत. माझ्या पायात चपला सरकवल्यात, त्याही तुमच्याच. दवाखान्यात पोचेपर्यंत तो डोळेच उघडेना. पाठीत सुई घालून पाणी काढलं, मेंदूच्या आवरणाला जंतूंची लागण निघाली. औषध लगेच सुरू झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढ्या लहानाची मान आखडतेच असं नाही, त्याची वाट बघत बसला असतात तर मूल हातचं गेलं असतं. ओळखलं कुणी, असं त्यांनी विचारलं तेव्हा तुम्ही फॉर्म भरत होतात. मी म्हणाले, आम्ही. संध्याकाळी मुलगा-सून आली तोवर मी सांगत होते, मी ओळखलं. तुम्ही ते ऐकलंत आणि माझ्यासाठी चहा आणायला गेलात.

आता इमारतीतल्या बायकांनी रविवारी माझं भाषण ठेवलंय, तान्ह्या मुलांचा मेंदूज्वर कसा ओळखावा. फलकावर माझ्या नावापुढे 'जागरूक आजी'. लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्याला अडले. शेवटी जेवताना मुला-सुनेला खरं सांगून टाकलं. तुमची लेक रडली. मुलाने मला भाजी वाढली नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनाही सांगता आली नाही, म्हणून हे पत्र. तो तुमच्या हातात किंचाळला तेव्हा त्याला नुसता हात लावला तरी दुखत होतं, आणि मला आनंद झाला होता. स्वयंपाकघरातून मी हसत धावत आले होते. फार लाज वाटते हो. रविवारी या, भाषण तुम्हीच करा. त्यात माझं हे हसणंही सांगा. माझ्यासारख्या आणखी असतील.

तुमचीच,
विहीण