न सांगितलेली स्तुती

चिंचवाडी, ता. श्रीगोंदे
१९ जानेवारी १९७१

ती. दाजी यांस एलियाचा सप्रेम सलाम.

आपल्या नाताळच्या कार्डाला उत्तर नाही, अक्काने पाठवलेल्या करंज्या खाऊन संपल्या तरी पोच नाही. क्षमा असावी. कामात होतो असे लिहिणार होतो, पण ते खरे नाही. संतापात होतो, आणि संतापात थोरांना पत्र लिहू नये असे मी मानतो. उतरेल म्हणून वाट पाहिली. उतरला नाही, तेव्हा आहे त्या संतापातच लिहितो. आपला गुडघा कसा आहे? थंडीने अक्काचा दमा वाढला नाही ना?

आमच्या हायस्कुलात न्यूझीलंडहून एक स्वयंसेविका इंग्रजी शिकवायला आल्या आहेत. मिस ऑड्री. वय कोवळे, पगार घेत नाहीत. शाळा समितीचे अध्यक्ष सहादेवराव यांनी त्यांना सरळ माझ्या घरी उतरवले. "तुमच्याच धर्माच्या हायेत, तुमालाच बरं पडंल," म्हणाले. (बाई रविवारी उपासनेला येत नाहीत, अंगणात बसून आमच्या कोंबड्यांना दाणे टाकतात. याचा जाब सगळे मला विचारतात, त्यांना नाही.) आता त्या आल्या शिकवायला, पण त्यांना शिकवू कोण देतो? ग्रामपंचायतीने शाल-नारळ दिला म्हणून दूध सोसायटीने दिला. सोसायटीने फेटा बांधला म्हणून तालमीच्या पोरांनी फेटा बांधून वर बैलगाडीतून मिरवले. मग भजनी मंडळ रुसले. प्रत्येक सत्काराला शाळेला सुटी. घरात नारळ इतके साठले आहेत की आमची सारा आमटीत, भातात, भाजीत खोबरेच घालते, आणि मला खोबरे सोसत नाही. या सगळ्या सत्कारांत दुभाषी कोण? मी. या शाळेत इंग्रजी शिकवता शिकवता माझे केस पिकले, मला कधी कोणी सुपारीसुद्धा दिली नाही. (हा मत्सर आहे काय, असे मी स्वतःला रोज विचारतो. थोडा आहे. बाकीचा रास्त संताप आहे.)

पण खरा घोटाळा सोसायटीच्या सत्कारात झाला. सहादेवराव माईकपुढे उभे राहून म्हणाले, "ह्या बाई पोरास्नी असं विंग्रजी शिकवतील, की आमच्या मास्तरला बी यायला लागंल!" लोक पोट धरून हसले. वर माझ्याकडे वळून, "सांगा की मास्तर, बाईला!" दाजी, अशा वेळी दुभाष्याने काय करावे? वाक्य गाळणे म्हणजे बोलणाऱ्याशी बेइमानी. मी सांगितले, शब्द न् शब्द. बाई हसल्या नाहीत. त्या लाल झाल्या, उठल्या आणि म्हणाल्या, की या गृहस्थांचा अकरावीचा तास मी मागे बसून पाहिला आहे. माझ्या गावी असा शिक्षक असता तर मी वर्गात झोपा काढल्या नसत्या. हे इथे असताना मला कशाला बोलावले तेच समजत नाही.

सारे गाव माझ्या तोंडाकडे बघत होते. भर सभेत, स्वतःच्या तोंडाने, स्वतःची एवढी स्तुती? माझी जीभ उचलेना. मी म्हणालो, "बाई सर्वांच्या आभारी आहेत." टाळ्यांचा कडकडाट झाला.

दुसऱ्या दिवशी समितीने अकरावीचे इंग्रजी बाईंकडे दिले आणि मला शेतकीचे तास. (माझ्या अंगणात पपईचे एकच झाड होते, तेही वाळले.) बाई भडकल्या. त्यांच्या दृष्टीने गावाने त्यांचे म्हणणे ऐकले, त्यावर टाळ्या पिटल्या आणि पाठोपाठ मलाच वर्गातून काढले! असल्या दुटप्पी गावात राहायचे नाही म्हणून त्यांनी बदली मागितली. ती मिळाली. शनिवारी जातात. आणि याचे खापर कोणावर? सोसायटीचे रंगनाथ पाटील भर चावडीत म्हणाले, "मास्तर, तुमी बाईवर जळत हुता. तुमीच घालवली." त्यामुळे अकरावी मला परत नाही. दुसरी गोरी बाई मिळेपर्यंत थांबायचे ठरले आहे. मार्चमधली मॅट्रिकची परीक्षा थांबणार आहे का? वर्गात शेजारच्या गोजरबाईंची चांगुणा आहे. पास झाली तर नगरला नर्सिंगला जाईल, नाहीतर वैशाखात लग्न. काल कुंपणाशी उभी राहून विचारत होती, "सर, आमचं विंग्रजी आता कोन घेनार?" तिला काय सांगू? खताचे प्रकार?

आणि मीच उठून सांगावे, की बाई त्या दिवशी माझी स्तुती करत होत्या? कोण विश्वास ठेवील? मी तरी ठेवला नसता.

असो. लिहून मन मोकळे झाले. आपल्याकडून काहीही अपेक्षा नाही. अक्काला सलाम, मुलांना आशीर्वाद.

आपला,
एलिया

ता. क. शनिवारी दुपारी निरोपाचा सत्कार आहे. बाईंना मी सगळे खरे सांगून टाकले. आधी त्यांनी डोक्याला हात लावला. बदली आता रद्द होत नाही, पण तेच भाषण त्याच माणसांपुढे पुन्हा करीन, आणि या वेळी काही गाळाल तर बघा, असा त्यांनी मला दम दिला आहे. दाजी, माझ्याने ते होणार नाही. आपण कॉलेजात इंग्रजी शिकवता. सकाळच्या एस.टी.ने आलात तर माईक आपल्या हाती देता येईल. एक शब्दही गाळू नये. थोडा रंग चढला तरी चालेल. (हे वाक्य खोडणार होतो.) गुडघ्याची काळजी नको, स्टँडवर बैलगाडी पाठवतो.

ता. क. २. हे मी चांगुणासाठी मागतो आहे की स्वतःसाठी, याचा पुष्कळ विचार केला. अजून उत्तर सापडले नाही. सापडले तर बहुधा हे पत्र फाडावे लागेल.

उद्याचे काम: उजाडताच, उत्तर सापडण्याआधी, पत्र पेटीत टाकणे.