घंटी दाबली, प्रतिसाद नाही

प्रति,
मा. उपअभियंता,
वीज वितरण उपविभाग कार्यालय,
पहिला मजला, पाण्याच्या टाकीसमोर.

विषय : माझ्या भाड्याच्या घरावर मारलेला ‘घर बंद’ हा शेरा रद्द करून वीजपुरवठा पुन्हा सुरू करण्याबाबत.

संदर्भ : १) माझी दूरध्वनीवरील तक्रार, दिनांक ३ नोव्हेंबर.
२) दारावर चिकटवलेली आपली नोटीस, दिनांक १३ नोव्हेंबर.

महोदय,

१. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक असून सोबतच्या भाडेकरारातील इमारतीत तिसऱ्या मजल्यावर नऊ वर्षे भाड्याने राहतो. पत्नी गेल्यापासून घरात मी एकटाच असतो. दिनांक ३ रोजी दुपारी माझ्या घराची वीज गेली. जिन्यातला दिवा चालू होता, खालच्या मजल्यावर मिक्सर फिरत होता. म्हणजे वीज फक्त माझीच गेली होती.

२. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावले. त्याने घरातली सगळी बटणे तपासली, मग तळमजल्यावर जाऊन मीटरची पेटी पाहून आला. म्हणाला, “मास्तर, घरात काही बिघाड नाही. जे आहे ते त्या सीलबंद पेटीत आहे. तिला मी हात लावला तर उद्या तुम्हाला मला सोडवायला यावं लागेल.” म्हणून त्याच दिवशी आपल्या कार्यालयात फोन केला. फोनवरच्या बाईंनी तक्रार व्यवस्थित लिहून घेतली आणि माणूस पाठवतो म्हणाल्या.

३. त्यानंतर मी वाट पाहत बसलो. सकाळी आठ ते नऊ एवढा एक तास सोडला, तर मी घराबाहेर गेलेलो नाही. त्या एका तासात मी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात फोन चार्ज करून आणतो. फोन जुना आहे. दुपारचे बारा वाजेपर्यंत तो मान टाकतो. तेव्हा आपल्या कर्मचाऱ्यांनी फोन केला असल्यास तो लागला नसणार, हे मला मान्य आहे.

४. दिनांक १२ रोजी चौकशी केली, तेव्हा बाई म्हणाल्या, “आजोबा, आमचा माणूस तीनदा येऊन गेला. तुम्ही घरात नसताच!”

मी म्हटले, “अहो ताई, मी कुठे जाणार?”

त्या म्हणाल्या, “ते मला कसं कळणार? कॉम्प्युटरवर तुमचं घर बंद आहे, म्हणून तक्रारही बंद केली.”

त्यांनी मला नोंदी वाचून दाखवल्या. दिनांक ५, दुपारी साडेतीन. दिनांक ८, सकाळी अकरा. दिनांक ११, दुपारी चार. तिन्ही ठिकाणी शेरा एकच होता : ‘घंटी दाबली, प्रतिसाद नाही.’ या तिन्ही वेळा मी घरात होतो. त्यातल्या एका वेळी तर दारापासून सहा पावलांवर खुर्चीत बसून भाजी निवडत होतो.

५. दुसऱ्या दिवशी दुपारी कचरा ठेवायला दार उघडले, तर दारावर नोटीस. घर बंद आढळल्यामुळे सात दिवसांत कोणी राहत असल्याचे न कळवल्यास मीटर काढून नेण्यात येईल, असे तिच्यात लिहिले होते. ती चिकटवणारे गृहस्थही आधी घंटी दाबून, थोडे थांबून, मगच डिंकाला हात घालून गेले असणार. मी आत होतो. आपण नोटिशीची प्रत घरमालकांनाही पाठवली. ते दुसऱ्या शहरात असतात. त्यांचा १४ तारखेला सकाळीच फोन आला, “मास्तर, तुम्ही मुलीकडे राहायला गेलात म्हणे. मग मला सांगायचं तरी! दुसरा भाडेकरू बघतो.” मी त्यांच्याच घरातून बोलतो आहे, हे पटवून द्यायला मला बराच वेळ लागला. पुरते पटले असे अजूनही वाटत नाही.

६. येथे थोडे विषयाबाहेरचे सांगावे लागत आहे. रोज संध्याकाळी पाच वाजता इमारतीतली सहा मुले माझ्याकडे अभ्यासाला येत असत. वीज गेली त्याच दिवसापासून मुले येईनाशी झाली. मला वाटले, अंधाऱ्या घरात आया पाठवत नसतील. माझ्या घराला एकच खिडकी आहे आणि तीही समोरच्या भिंतीकडे उघडते, तेव्हा चारनंतर पुस्तकातले अक्षर दिसत नाही. खाली जाऊन विचारणे मला बरे वाटले नाही. मूल आले तर शिकवावे, त्याच्या मागे लागू नये, अशी माझी नोकरीपासूनची सवय. पाच वाजले की मी सतरंजी अंथरायचो आणि सहाला गुंडाळून ठेवायचो.

७. दिनांक १५ रोजी दुकानातून परतताना जिन्यात त्यांतली चौथीतली मुलगी भेटली. मला पाहून ती दोन पायऱ्या मागे सरकली. म्हणाली, “आजोबा, तुम्ही गावाला नव्हता गेलात?”

“नाही गं. तुम्हीच यायचं बंद केलंत.”

“आम्ही रोज आलो! रोज बेल दाबली, शंभरपर्यंत मोजलं आणि गेलो. एकदा तर दीडशेपर्यंत मोजलं.”

“मग दार का नाही वाजवलंस?”

“तुम्हीच म्हणाला होतात ना, दार बडवायचं नाही. एकदा बेल दाबायची, शंभर मोजायचे. म्हाताऱ्या माणसाला उठायला वेळ लागतो.”

हा नियम माझाच आहे, महोदय. माझे कान जरा मंद आहेत, म्हणून मोठ्या आवाजाची बेलही मीच बसवून घेतली होती. मुलांनी नियम तंतोतंत पाळला.

८. ती शाळेत गेल्यावर मी माझ्याच दाराबाहेर उभा राहून बेल दाबली. मनात शंभरपर्यंत मोजले. दार कोणी उघडले नाही. बेल विजेवर चालते आणि घरात वीज नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या बारा दिवस लक्षात आली नव्हती. कपाटात मुलांसाठी जपलेला पुठ्ठा आहे. त्यावर सेल, तार, छोटा दिवा आणि गुणगुणणारी घंटी बसवलेली आहे. तार सुटली की दोन्ही बंद, हे मी त्यावर शेकडो मुलांना दाखवले. म्हणून आपल्या कर्मचाऱ्यांवर कोणतीही कारवाई करू नये, अशी माझी विनंती आहे. वीज नाही म्हणून ते आले आणि विजेची बेल दाबून परत गेले. पण मीही त्याच बेलच्या भरवशावर आत बसलो होतो. चूक माझी मोठी, कारण मी शिक्षक आहे.

९. मुलांची आता सहामाही परीक्षा आहे. मी गावाला गेलो असे समजून आयांनी पाच मुलांना दुसऱ्या शिकवणीला बसवले. त्यांना मी दोष देत नाही. सहावी ही मुलगी. तिच्या आईने सांगितले आहे, “आजोबांकडे दिवे लागू देत, मग जा.” तिने त्यावर स्वतःच उपाय काढला. रोज पाच वाजता ती वर येते. दार आता उघडेच असते आणि मी दारातच खुर्ची टाकून बसलेला असतो, तरी ती आधी बेल दाबते. आम्ही दोघेही कान देऊन ऐकतो. मग ती म्हणते, “आज नाही. उद्या,” आणि खाली जाते. बेल वाजली की बाकीच्या पाचांना ती ओढून आणणार आहे, असे तिने मला सांगितले आहे. ती आणील. मुलगी शब्दाची पक्की आहे.

१०. तरी विनंती की,
(अ) माझ्या घरावरील ‘घर बंद’ हा शेरा रद्द करावा. घरात माणूस राहतो.
(आ) मुदत दिनांक २० रोजी संपते, तत्पूर्वी बंद केलेली तक्रार पुन्हा उघडून माणूस पाठवावा. त्याने बेल दाबू नये, थेट आत यावे. चहा मिळेल. गॅस चालू आहे.
(इ) शेरा रद्द झाल्याचे घरमालकांना आपल्या शिक्क्यानिशी कळवावे. माझ्यापेक्षा कागदावर त्यांचा विश्वास अधिक आहे.
(ई) दुरुस्ती कोणत्याही दिवशी करावी, परंतु शक्य झाल्यास संध्याकाळी पाचच्या आत व्हावी.

आपला, घरात हजर असलेला,
(स्वाक्षरी)
भाडेकरू, तिसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताचे दार
दिनांक : १७ नोव्हेंबर

सोबत :
१) भाडेकराराची प्रत.
२) नोटिशीची प्रत. मूळ नोटीस दारावरून सोलून काढताना फाटली, त्याबद्दल क्षमस्व.
३) ‘बेल बंद आहे. आजोबा आत आहेत.’ या पाटीची नक्कल. मूळ पाटी चौथीतल्या मुलीने रंगीत खडूने लिहून दारावर लावली आहे. वीज आल्यावरही ती काढू नये, अशी माझी इच्छा आहे. फक्त पहिले वाक्य तिच्याकडून खोडून घेईन.