कड्यांचे डाग

४ जून
गिऱ्हाइकाकडून आमच्या पोलादी कड्यांची अख्खी खेप परत आली! तेल राहिलं होतं म्हणे. मागच्या शेडमध्ये वन्सं रॉकेल आणि ब्रश घेऊन घासतात, त्यावर आता भागायचं नाही. हे म्हणाले, दोनच वाटा — तेल विरघळवणाऱ्या सॉल्व्हंटची टाकी, नाहीतर गरम पाण्याचं यंत्र. टाकी स्वस्त, पण वास डोक्यात जातो. वन्संना रॉकेलनेच चक्कर येते, मग त्याने काय होईल? म्हटलं, पाण्याचंच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. मी असं म्हटलं! हे बघतच राहिले.

७ जून
विक्रेत्याने दोन्ही वापरून बघायला दिलीत. वन्सं तीस-तीस कड्या धुणार. टाकीला माणूस हवा — जाळी सोडायची, उचलायची, वास घेत उभं राहायचं. पाण्याचं यंत्र मात्र धुतं, खळबळतं, गरम हवेने वाळवतं, सगळं आपलं आपण! वन्संना म्हटलं, "आता बसा निवांत." बसल्याच नाहीत, रिकामी जाळी पुसत राहिल्या. स्वभावच संकोची.

८ जून
पारख मी केली. धुतलेल्या कडीवर पाण्याचा थेंब सोडायचा. तेल असलं तर गोळा होऊन बसतो, नसलं तर पसरतो. दोन्हींवर पसरला! आता दोन दिवस ट्रेमध्ये झाकून ठेवून गंज चढतो का बघायचं, की झालं. देवापुढे बसून वन्संसाठी आरोग्य मागितलं.

१० जून
पाण्याने धुतलेल्या कड्या गंजल्या. तीसच्या तीस! सॉल्व्हंटच्या लख्ख. हे म्हणाले, "बघितलंस ना? संपला विषय."
खडखडीत वाळलेलं पोलाद, झाकून ठेवलेलं, दोन दिवसांत गंजतं? ह्यांनीच ओल्या ठेवल्या असणार. स्वस्तात पडावं म्हणून सख्ख्या बहिणीच्या जिवावर उठले! मी ह्यांच्या तोंडावर बोलले तसं. "डोकं फिरलंय तुझं," एवढंच म्हणाले.

११ जून
अबोला. वन्संच समजूत घालतात — "वहिनी, दादावर किती दिवस राग धरायचा?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काय मन आहे बाईचं!

१३ जून
कपडे काढायला गेले. दोरीवर निळा टॉवेल — जुना झाला, पण टाकवेना, म्हणून अर्धा फाडून मीच वन्संना हात पुसायला दिलेला. त्यावर तांबूस गोल डाग. कड्या ओळीने मांडाव्यात तसे. धुऊनही न गेलेले. मोजले.
तीस.
टॉवेल ओला करून ट्रेमध्ये अंथरला! वन्संनी! ज्यांच्यासाठी मी नवऱ्याला नाही नाही ते बोलले, त्यांनी! आणि वर माझीच समजूत घातली.
आज प्रार्थनेला बसले, शब्दच सुचेनात.

१४ जून
टॉवेल ह्यांच्यापुढे टाकला. ह्यांनी मानही वर केली नाही.
"माहीत आहे. कड्या गंजल्या त्याच दिवशी तिनं सांगितलं मला. ते यंत्र एकटंच चालतं, मग मी दिवसभर करू काय, म्हणाली. फक्त वहिनीला कळू देऊ नकोस — ती देवाचं नाव घेईल आणि मला घरी बसवेल."