पंपाच्या खोलीमागचा कोपरा

सोमवार
ती. ताईस साष्टांग नमस्कार, वि. वि.

खुशाल नाही, म्हणून खुशाली लिहीत नाही. कॉलेज अर्ध्यात टाकून होडी का वल्हवतोस, हे विचारून तू थकलीस. तळ्याचा अभ्यास करायला आलेल्या मुलीसाठी. हसून घे.

ती पाण्याच्या बाटल्या भरते, मी वल्ही धरतो. पाण्यातल्या गवतात बारीक किडे लपतात. ते पाणी हिरवं करणारं बारीक शेवाळ खातात, म्हणून पाणी नितळ राहतं. गवत गेलं की मासे किड्यांचा फडशा पाडतात आणि तळं हिरवं होऊन बसतं. तिची सगळी मेहनत त्यात आहे, आणि गवत काढायचं कंत्राट आपल्या भावजींनी घेतलंय. यंत्र काठावर येऊन उभं आहे. ताई, पाया पडतो, त्यांना थांबव. नाहीतर मी यंत्रापुढे आडवा होईन.

लोभ आहेच, तो या कामी लाव.
तुझा भाऊ

गुरुवार
चि. भडकूस अनेक आशीर्वाद.

आडवा झालास तर गवत समजून तुलाही काढतील. पत्र ह्यांना वाचून दाखवलं. आधी हसले, मग म्हणाले, लोकांना नौकाविहार हवाय, काम थांबणार नाही. मात्र पंपाच्या खोलीमागचा कोपरा सोडतो म्हणतात. अट एकच, तू याच आठवड्यात परत कॉलेजात नाव घालायचंस. बाबा तुझ्या कॉलेजच्या पुस्तकांवरची धूळ पुसतात नि ती तशीच ठेवतात, ते ह्यांना बघवत नाही. मी भांडून पाहिलं, ऐकेनात. आणि तिला यातलं अवाक्षर सांगू नकोस. कोपरा मुद्दाम सोडल्याचं फुटलं तर ह्यांच्यावर शेकेल.

रागावलास तरी पत्र टाक.
तुझी ताई

रविवार, हॉस्टेल
ती. ताईस नमस्कार.

नाव घातलं. भावजींना सांग.

सगळं तळं गढूळ झालंय, पण त्या कोपऱ्यात तळाचे खडे दिसतात. ती कोपरापर्यंत पाण्यात हात घालून बसली होती. म्हणाली, एवढं गवत टिकलं तर तळं पुन्हा जीव धरेल. तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाच मला निघतो म्हणावं लागलं. तिनं विचारलं, खरं काम आता सुरू झालं आणि तू पळतोस? मी बॅगेचा पट्टा ओढत राहिलो. मग म्हणाली, कॉलेजातूनही असाच पळाला असशील.

वल्ही घेऊन ती एकटीच निघाली. तिला होडी सरळ नेता येत नाही, जागच्या जागी गोल फिरत होती. काठावरून एक शब्द सांगितला असता तर जमलं असतं. सांगितला असता तर मी थांबलोच असतो.

तुझा लोभ तेवढा सांभाळून ठेव, आता तोच उरलाय.
तुझा भाऊ